आधी हालचाल, मग उमेद

नैराश्यात ‘जरा बरं वाटलं की करीन’ हे वाक्य फार घात करतं. अंघोळ टळते, फोन उचलवत नाही, फिरणं सुटतं. मग दिवसात बरं वाटण्यासारखं काही उरतच नाही आणि मन आणखी खचतं. यावरचा एक उपचार उलट टोकाने सुरू होतो: उमेदीची वाट न बघता आधी कृती. ऐकायला फारच सोपं, म्हणूनच पुरावा बघायला हवा, आणि तो चक्क गोव्यातला आहे. ‘संगाथ’ संस्थेच्या विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर केलेली या उपचाराची चाचणी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. उपचार देणारे समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर होते. नुसत्या केंद्रातल्या उपचारांवर ३९ टक्के.

‘म्हणजे ऊठ, कामाला लाग, असंच ना?’ नाही. तो सल्ला घरचे फुकट देतातच, वर अपराधीपणही देतात. इथे काम माणूस स्वतः निवडतो आणि ते हसू यावं इतकं लहान ठेवतो: अंघोळ नको, आधी नुसते दात घासा, फेरी नको, चपला घालून जिन्यापर्यंत जा. वेळ आधी ठरवायची, नंतर कसं वाटलं ते वहीत टिपायचं. दुसरा आक्षेप मात्र रास्त आहे: उरलेल्या ३६ टक्क्यांना एवढं पुरलं नाही. म्हणून चालू गोळ्या परस्पर बंद करू नयेत. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर वही बाजूला ठेवून टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा. तो चोवीस तास चालू असतो.