अरवली : झिजलेला, तरी उभा

राजस्थानातून येऊन महाराष्ट्रात स्थिरावलेल्या अनेक जैन कुटुंबांची मूळ गावे पाली आणि सिरोही जिल्ह्यांत आहेत. या मुलखाच्या पूर्वेला उभी असलेली डोंगररांग म्हणजे अरवली. गुजरातमधील पालनपूरपासून दिल्लीपर्यंत सुमारे ६७० किलोमीटर पसरलेली ही रांग उंचीने बेताचीच आहे. अबूचे गुरुशिखर १७२२ मीटर उंच आहे. उत्तरेकडे मात्र ती तुटक टेकड्यांत विखुरते.

हा ठेंगणेपणा वार्धक्याचा आहे. हिमालय सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आकारास येऊ लागला. अरवलीच्या घड्या शंभर कोटी वर्षांहून जुन्या आहेत. ऊन, वारा आणि पाणी यांनी शिखरे झिजवली आणि कठीण गारखडक तेवढा कण्यासारखा उरला. भूगर्भातील उष्णता व दाब यांमुळे चुनखडीचा संगमरवर झाला, तर जावर येथील खडकांत जस्त साठले.

अबूचा डोंगर ग्रॅनाइटचा आहे. त्यामुळे विमलशाहांनी इ.स. १०३१ मध्ये आणि वस्तुपाल-तेजपाल बंधूंनी १२३० मध्ये देलवाड्यास मंदिरे उभारली, तेव्हा अंबाजीजवळच्या आरासूर टेकड्यांतील संगमरवर वर चढवावा लागला.

अरवली जलविभाजकही आहे. पश्चिमेची लुणी कच्छच्या रणात विरते, तर पूर्वेची बनास चंबळेस मिळून गंगेच्या खोऱ्यात जाते. भेगाळलेल्या खडकांतून पावसाचे पाणी जमिनीत मुरते, विहिरींना झरे लाभतात आणि थरच्या वाळूला काही अंशी अटकाव होतो.

हीच रांग आज पोखरली जात आहे. राजस्थानातील पाहणी केलेल्या १२८ टेकड्यांपैकी ३१ नाहीशा झाल्याची बाब २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आली. टेकडी गेली की मुरणारे पाणी वाहून जाते आणि वाळूला वाट मोकळी होते.

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत भूमी व पाषाण फोडण्याच्या ‘स्फोटकर्मा’ची गणना आहे, पृथ्वीकायिक जीवांची जाणीव त्यामागे आहे. मंदिरालाही पाषाण लागतोच, हे खरे. म्हणूनच प्रश्न मर्यादेचा, अर्थात अपरिग्रहाचा आहे. दगडाचा व्यापार करणाऱ्याने आणि घरात संगमरवर बसवणाऱ्यानेही तो दगड कोणत्या खाणीतून आला आणि ती खाण परवानगीची आहे काय, एवढे तरी विचारावे. झिजायला शंभर कोटी वर्षे लागलेला डोंगर यंत्राने काही वर्षांतच सपाट होतो. तो पुन्हा उभा करणे कोणाच्याही हाती नाही.