चौकट : गणिताचा पाया घरातच

बारावी आणि प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी ‘लातूर पॅटर्न’ प्रसिद्ध आहे. पण गणिताची गोडी त्याच्या कितीतरी आधी लागते. 5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्टही तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन-लेखन आणि अंकज्ञान यावे, हेच आहे. लातूर-नांदेडच्या पालकांना घरी एवढे नक्की करता येईल :

• आडतीची पट्टी : सोयाबीन विकल्यावर पट्टी मुलाच्या हाती द्या. क्विंटलचा भाव 4,500 रुपये धरला, तर 60 किलोच्या कट्ट्याचे किती? उत्तर 2,700. त्यातून हमाली-तोलाई वजा करायला सांगा.

• भाकरी : अर्धी, चतकोर, पाऊण. अपूर्णांक ताटातच दिसतात.

• चूक : लगेच खोडू नका. “हे कसं काढलंस?” असे विचारा. सांगता सांगता बहुतेकदा मुलांनाच चूक सापडते.

• माता गट : जिल्हा परिषद शाळेच्या शाळापूर्व तयारी मेळाव्याला जा आणि तिथल्या मातांच्या गटात सहभागी व्हा. तिथे मिळणारे कृतिपत्रक घरी करून घ्या. अक्षरओळख नसलेल्या आईलाही खडे, बिया मोजून घेता येतात.

“मलाही गणित जमत नव्हतं,” हे मात्र मुलांसमोर बोलू नका.