नायकाच्या बोटांतली सिगारेट

पडद्यावरून तरुणांनी आजवर काय काय उचललं, याची यादी केली तर ती केसांनी आणि कपड्यांनीच भरेल. साधना कट आला, राजेश खन्नाचा गुरु कुर्ता आला. २०२१ साली ‘पुष्पा’ झळकला आणि गल्लीबोळांतली पोरं हनुवटीखालून उलटा हात फिरवू लागली. पुष्पा हा रक्तचंदनाचा तस्कर; पण म्हणून कुणी चंदन तोडायला निघालं नाही. कथा विसरली जाते, लकब तेवढी अंगात भिनते. एरवी त्यात बिघडत काहीच नाही. त्या लकबीत सिगारेट असली, की मात्र बिघडतं.

आपल्या नायकांच्या रुबाबात ती फार जुनी आहे. ‘हम दोनो’मध्ये (१९६१) देव आनंदच्या लायटरला स्वतःची धून होती. रजनीकांतने तर सिगारेट हवेत उडवून ओठांत झेलण्याची कलाच केली. २००२ साली ‘बाबा’ आला तेव्हा तमिळनाडूत पीएमके पक्षाने त्यावरून रान उठवलं. हॉलिवूडमध्ये तर याचे सौदेच होत. सिल्व्हेस्टर स्टॅलनने १९८३ साली पाच चित्रपटांत एका कंपनीची सिगारेट वापरण्याचं लेखी कबूल केलं होतं, पाच लाख डॉलरच्या बोलीवर. कंपन्या काही हौसेखातर पैसे ओतत नाहीत.

त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता, हे संशोधकांनी २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं. अमेरिकेतल्या व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायर राज्यांतली, १० ते १४ वयाची, सिगारेटला कधीही न शिवलेली सुमारे २,६०० मुलं त्यांनी निवडली आणि एक-दोन वर्षांनी पुन्हा गाठली. चित्रपटांत धूम्रपान सर्वांत कमी पाहिलेल्या गटातल्या ३ टक्के मुलांनी सिगारेट ओढून पाहिली होती. सर्वांत जास्त पाहिलेल्या गटात हेच प्रमाण १७ टक्के होतं. घरचं वातावरण, मित्रमंडळी, स्वभाव हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरलाच. आणि आईवडील सिगारेट ओढत नाहीत, अशाच मुलांवर हा परिणाम अधिक दिसला! घरात न दिसणारी गोष्ट त्यांना पडद्यावर, तीही देखण्या माणसाच्या हातात दिसत होती. पुढे दिल्लीतल्या १२ शाळांमध्ये हिंदी चित्रपटांबाबत अशीच पाहणी झाली. तिथेही तंबाखूची दृश्यं जास्त पाहणाऱ्या मुलांमध्ये तंबाखू वापरणाऱ्यांचं प्रमाण दुपटीहून अधिक निघालं.

सरकारने २००५ मध्ये अशा दृश्यांवर सरसकट बंदी घालू पाहिली. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. मग २ ऑक्टोबर २०१२ पासून मधला मार्ग आला: सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी जाहिराती, आणि दृश्य चालू असताना खाली इशाऱ्याची पट्टी. ही पट्टी नको म्हणून वुडी अॅलनने २०१३ साली आपला ‘ब्लू जास्मिन’ भारतात लावलाच नाही. सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीलाही हे नियम लागू झाले.

पट्टी वाचायला हरकत नाही, पण प्रेक्षकाची नजर असते नायकाच्या चेहऱ्यावर. तंबाखूची दृश्यं असलेल्या चित्रपटांना प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र द्यावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. भारतात अजून तरी केवळ सिगारेटमुळे चित्रपटाला ‘ए’ मिळत नाही.