वरचे फाटले, आतले घट्ट

परवा मालवणच्या घरी माळा झाडताना आईने शिवलेली गोधडी सापडली. कोपरा उंदरांनी कुरतडलेला. टाकणार तोच काकी म्हणाली, "टाकू नको रे. वरचा फाटला, तरी आतला घट्ट आसा."

उसवलेल्या कोपऱ्यातून थर दिसू लागले. आजीचे नऊवारी, आजोबांचा पंचा आणि मधोमध मुंबईच्या गिरणीचे कापड. बाबा गिरणगावात साचेवाले होते. आमच्याकडे तेव्हा जवळजवळ घरटी एक माणूस मुंबईला असे. कापड तिथे विणले जाई, झिजे मात्र इथे. उन्हाळ्यात आई आणि काकी खळ्यात बसून जुनी लुगडी अंथरत आणि कडेने धावदोरा घालत मध्याकडे सरकत. पावसातल्या ओलसर रात्री आम्ही भावंडे त्याच उबेत झोपत असू.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. बाबा गावी परतले ते कायमचेच. संपाबद्दल ते कधी बोलले नाहीत. पण गोधडी नीट पाहिली, तर पुढच्या ठिगळांत गिरणीचे कापड नाही. ती ठिगळे माझ्या बँकेत जायच्या शर्टांची आहेत. आयुष्यभर इतरांचे जमाखर्च तपासले, कादंबऱ्या लिहिल्या. घरातली ही नोंद मात्र वाचायची राहून गेली होती.

तुमच्याही माळ्यावर अशी एखादी गोधडी असेल. टाकण्याआधी एकदा उलगडून पाहा.

आता कोपरा शिवायला घेतला आहे. काकीला सुईचे नेढे दिसत नाही. दोरा मी ओवून देतो.