पंधरा मिलिमीटरचा दाब

रोबोकॉन या रोबोंच्या स्पर्धेत टाळ्या पडतात त्या नेमबाजीला. माझं लक्ष अडकलं ते त्याच्या आधीच्या क्षणात. 2024 च्या स्पर्धेच्या व्हिडिओंमध्ये एक रोबो चेंडूपर्यंत नेमका पोहोचायचा आणि चेंडू त्याच्याच धक्क्याने पुढे घरंगळायचा. तीन मिनिटांच्या सामन्यात असला पाठलाग परवडत नाही. हे का होतं ते पाहायला पुण्याजवळच्या लोणी काळभोरच्या एका कॉलेजचं वर्कशॉप गाठलं.

पुण्याला रोबोकॉन नवी नाही. 2008 साली आशिया-पॅसिफिकची स्पर्धा इथे झाली तेव्हा तिचा विषयच दहीहंडीचा होता. 2024 साली यजमान व्हिएतनामने सुगीचा विषय दिला: लाल-निळे चेंडू म्हणजे भाताचे दाणे, जांभळे म्हणजे पोचट. संघाच्या दोन रोबोंपैकी दुसऱ्याने कुणाच्या मदतीशिवाय आपल्या रंगाचे दाणे वेचून कणगीत टाकायचे. स्पर्धा संपली, पण नवख्यांना शिकवायला या वर्कशॉपमध्ये तेच चेंडू अजून वापरात आहेत.

चेंडूचा व्यास 190 मिलिमीटर. रोबोच्या गाडीपुढचा, चेंडू आत ओढणारा रोलर जमिनीपासून 175 वर. उरलेले पंधरा म्हणजे दाब. "आणि वेग गाडीच्या दुप्पट," तिथली तिसऱ्या वर्षाची एक मुलगी म्हणाली. कारण साधं आहे. रोलर गाडीपेक्षा हळू फिरला तर चेंडू पुढे ढकलला जातो. बरोबरीने फिरला तर चेंडू जागीच राहतो आणि गाडी त्याच्यावर जाते. दुप्पट झाला की चेंडू आपणहून गाडीकडे येतो. ज्युनिअर मुलांना समजावताना तिच्या तोंडी पुन्हा पुन्हा तेच येत होतं: दुप्पट, दुप्पट.

पाइप कापणं, बेअरिंग बसवणं, बेल्ट ताणणं ही कामं पटापट उरकतात. खरी झटापट पकडीची आहे. सकाळी झकास चालणारा रोलर दुपारी अडला. पत्र्याखाली चेंडूतली हवा तापली, चेंडू टणक झाला आणि तोच पंधराचा दाब मोटरला जड गेला. चेंडू तोंडाशी अडकून बसला, रोलर त्याच्यावर घासत राहिला आणि तापलेल्या रबराचा उग्र वास सुटला. मुलीने स्विच बंद केला आणि रोलरवर तळवा फिरवला. हाताला बारीक धूळ लागली. तेलडेपोंच्या टँकरांची या गावात दिवसभर ये-जा असते, धूळ कुठेही बसते. ओल्या फडक्याने पुसून तिने पुन्हा तळवा फिरवला. कॉम्प्युटरवरच्या चित्रात चेंडू नेहमी 190 चाच असतो आणि रोलर नेहमी स्वच्छ. म्हणून मला त्या चित्रापेक्षा तिच्या तळव्याचा भरवसा जास्त वाटतो.

सोलापूर रस्त्यावरच्या रसवंतीत चरक ऊस पिळून चोथा करतो. रोलरने मात्र जोर लावायचा, पण पिळायचं नाही. तिने रोलर फ्रेमला घट्ट बोल्ट करण्याऐवजी बिजागरीच्या हातांवर टांगला आणि दोन्ही बाजूंना स्प्रिंग लावल्या. टणक चेंडू आला की रोलर वर उचलला जातो, मऊ आला की खाली बसतो. वर्कशॉपमधल्या मामांनी बिजागरीची भोकं ड्रिल करून दिली. चेंडू ठेवला. गप्पकन आत गेला. पुढचाही गेला.

मग तिने जांभळा ठेवला. तोही तितक्याच झटक्यात आत गेला.

पकड जितकी चांगली तितका हा पेच मोठा. कॅमेऱ्याला रंग कळेपर्यंत चेंडू रोलरखाली आलेला असतो. तेवढ्यात रोलर थांबवून उलटा फिरवायचा, तर जड रोलर आपल्याच गतीने फिरत राहतो.

"मामा, पातळ पाइप घेऊ या का? हा थांबायलाच वेळ घेतो."

"पातळ घेतलास तर मधोमध वाकंल की."

"मग ॲल्युमिनियमचा?"

मामा भंगाराच्या रॅकमध्ये शोधू लागले. ती वजनकाटा घेऊन त्यांच्या मागे गेली.