पिकअप गाडीचें पाणी कोठें जातें?

जुन्या पिकअपच्या रेडिएटरमध्यें रोज तांब्याभर पाणी घालून समाधान मानण्याची चूक प्रस्तुत लेखकानें केली व ऐन कांद्याच्या हंगामांत इंजिन गमावलें. म्हणून शेतकरी बंधूंस विनंति कीं, पाणी घालण्यापूर्वीं तें कोठें जातें हें शोधावें.

तपासणी इंजिन थंड असतांनाच करावी. तापलेल्या रेडिएटरमधील पाणी दाबामुळें १०० अंशांपलीकडेहि उकळत नाहीं. झाकण काढतांच मात्र तें उसळून अंग भाजतें. रात्रीं गाडीखालीं कोरडा पुठ्ठा पसरावा व सकाळीं डाग पाहावा. डाग अगदीं पुढें असल्यास रेडिएटर वा त्याची खालची नळी, पट्ट्याजवळ असल्यास पाण्याचा पंप तपासावा. सांध्यांवरील पांढरट वा रंगीत खपली ही वाळलेल्या गळतीची खूण होय.

पुठ्ठा कोरडा असूनहि पाणी घटत असेल, तर झाकणाचें रबर व मग इंजिनाचें तेल पाहावें. तेल दुधाळ दिसल्यास, किंवा इंजिन तापल्यावरहि पांढरा धूर निघत राहिल्यास, हेड गॅस्केट फुटून पाणी आंत शिरत असल्याचा संभव असतो. अशा वेळीं गाडी चालूं न करितां मिस्त्रीस बोलवावें. गॅस्केट बदलण्याचा खर्च नव्या इंजिनापुढें अल्पच होय.