आशाताईचा जीव कामात लागला, तर संकटात गावाचा जीव वाचतो



या पानावर मी एरवी बेणे, लागण, खोडवा आणि पाचट यांवर लिहितो. या वेळचा विषय वेगळा आहे, पण त्याची सुरुवात फडातूनच झाली. दोन हंगामांपूर्वी तोडणी चालू असताना एका मजुराच्या पायाला साप चावला. कोणी दोरी आवळायला निघाले, कोणी मांत्रिकाचे नाव घेऊ लागले. तेवढ्यात गावची आशाताई आली. तिने दोरी बांधू दिली नाही. पायाला फळी लावून पाय हलणार नाही असा ठेवला, १०८ ला फोन लावला आणि स्वतः सोबत दवाखान्यात गेली. माणूस वाचला. पुढे मी तिचे कौतुक केले, तर म्हणाली, "साहेब, काम तं करतोच, पण आमाले विचारते कोन?"

या प्रश्नातच सगळे आले. बैल कितीही गुणी असो, ओझे वाढवत गेलो आणि वैरण-पाणी तोडले, तर तो एक दिवस बसतो. माणसाचेही तसेच आहे. काम जास्त, साधने कमी, मोबदला उशिरा आणि वर कोणी ऐकून घेत नाही, असे झाले की मन कामातून उठते. उलट शिकवणारा वरिष्ठ, हाताशी साहित्य आणि गावात मान असला, की तेच कष्टाचे काम माणूस जीव लावून करतो.

आपल्या महाराष्ट्रातच याचे दाखले आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले. त्यांनी गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केले. एकदा शिकवून सोडून दिले नाही. त्या पुन्हा पुन्हा एकत्र येत, अडचणी सांगत आणि एकमेकींकडून शिकत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने आरोग्यदूतांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवले. तुलनेच्या गावांपेक्षा तेथील नवजात मृत्यू तीन वर्षांत सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. तो अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आशा योजना त्यानंतरची, २००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातली. कोरोनात याच ताया घरोघर फिरल्या. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशभरच्या आशांचा गौरव केला. तरीही मोबदल्यासाठी २०२३ साली राज्यातल्या आशांना संपावर जावे लागले, हेही विसरू नये.

आता संकटाचे पहा. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुरात आपल्या वरुडशेजारचे मोवाड उद्ध्वस्त झाले, दोनशेहून अधिक माणसे गेली. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा वेळी तज्ज्ञ पथक शहरातून येईपर्यंत पहिले काही तास गावची आशा, नर्सबाई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर यांच्यावरच भिस्त असते.

म्हणून पूर्वतयारीचे प्रशिक्षण हवे. आपण मोळी टाकायच्या दिवशी बॉयलर दुरुस्त करतो काय? ती कामे बंद हंगामात होतात, चाचणी होते, मगच गाळप. तसेच हे. त्यात शिकायचे काय, तर :

१. जखमींची वर्गवारी. लाल म्हणजे तातडीचा, पिवळा थोडा थांबू शकणारा, हिरवा चालता-फिरता. जो जोरात ओरडतो तोच पहिला, असे नसते.

२. सर्पदंश. केंद्रात रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात. गोठले नाही, तर घोणस किंवा फुरसे यांच्या विषाचा संशय धरून प्रतिविष देतात.

३. फवारणीची विषबाधा. कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुणे आणि औषधाचा डबा रुग्णासोबत पाठवणे, म्हणजे डॉक्टरांना उपाय ठरवता येतो.

४. पुरानंतरची हगवण. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकणे. जीवनरक्षक पुडी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आपली साखर अशीही उपयोगी पडते, बरं का!

हे नुसते ऐकून जमत नाही, रंगीत तालीम करावी लागते. आणि यातच गंमत आहे. ज्याला काय करायचे ते ठाऊक असते, तो घाबरत नाही. घाबरत नाही म्हणून त्याचे काम चांगले होते. आणि चांगले झाले की त्याला कामाची गोडी लागते. प्रशिक्षण आणि कामातला जीव, दोन्ही एकमेकांना असे धरून चालतात.

सभासदांनी काय करावे? गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत आशाताईला बोलू द्यावे, तिचे ऐकावे. पावसाळ्यापूर्वी एक दिवस गावाने तालीम करावी. रात्री-अपरात्री निघू शकतील अशा ट्रॅक्टरवाल्यांची नावे तिच्याजवळ द्यावीत. तोडणीची टोळी उतरली की टोळीतल्या गरोदर बाया आणि लहान लेकरे यांची माहिती तिला त्याच दिवशी सांगावी.

याला पैसा फारसा लागत नाही. "आमाले विचारते कोन?" या प्रश्नाला "गाव विचारते" एवढे उत्तर आपण देऊ शकलो, तरी पुष्कळ झाले.

— ऊस विकास अधिकारी